साहस शब्दाचा अर्थविवेक

मराठीत साहस हा शब्द आज दोन तोंडांनी बोलतो. शाळेच्या बक्षीस-समारंभात तो गौरवाचा असतो; घरातील वडील माणसाच्या तोंडी तोच निषेधाचा होतो. 'साहसी मुलगा' म्हटले की ऐकणाऱ्याची मान अभिमानाने वर होते, आणि 'भलते साहस करू नकोस' म्हटले की तीच मान खाली जाते. पुष्कळ शब्दांना एकाहून अधिक अर्थ असतात, त्यात नवल नाही. पण येथे अडचण निराळी आहे. एकाच कृत्याला एकाच वेळी दोन्ही अर्थांनी हा शब्द लावला जातो, आणि लावणारी माणसे दोन्ही वेळा आपण खरे बोलतो असे समजतात.

पालघर तालुक्यातील केळवे येथे ता. 17 मार्च 2022 रोजी असाच प्रसंग घडला. नाशिकहून सहलीस आलेले विद्यार्थी समुद्रकिनाऱ्यावर होते. गावातील दोन मुले पाण्यात बुडू लागली, हे पाहून त्या विद्यार्थ्यांपैकी काही जण त्यांना वाचविण्यासाठी समुद्रात शिरले. चौघांचा अंत झाला. त्यांत तिघे नाशिकचे आणि एक गावचा बालक होता. ज्यांना वाचवावयाचे ती मुले त्या विद्यार्थ्यांच्या ओळखीचीही नव्हती. अशी वार्ता ज्या ज्या घरी वाचली जाते तेथे दोन उद्गार ठरलेले असतात : 'केवढे साहस !' आणि 'कशाला हे साहस !' विरामचिन्ह तेच, शब्द तोच. परंतु पहिल्याने मृताच्या आईला धीर मिळतो आणि दुसऱ्याने तिच्या दुःखावर दोषाचा भार पडतो. म्हणून या शब्दाचा विवेक केवळ कोशकारांवर सोडून चालणार नाही. तो धर्मविचाराचा विषय आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहावे. संस्कृतात सहस् म्हणजे बल, जोर. त्यापासून साहस. म्हणजे आरंभी या शब्दात धैर्यही नाही आणि अविचारही नाही. बळाने केलेले ते साहस, एवढेच आहे. धर्मशास्त्रकारांनी हा शब्द न्यायसभेत नेला. व्यवहाराची म्हणजे दाव्यांची जी अठरा पदे मानली आहेत त्यांत साहस हे एक स्वतंत्र पद आहे. स्मृतींचे प्रामाण्य महानुभाव पंथाने स्वीकारले नाही, तरी शब्दाचा प्रवास पाहताना त्या साक्षीस बोलवाव्या लागतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चोरी आणि साहस यांतील भेद फार मार्मिकपणे केला आहे : धन्याच्या समक्ष, बळाने जे नेले ते साहस, त्याच्या पाठीमागे नेले ते स्तेय. चोर निदान लाजतो. साहसिक लाजतही नाही. राजाने साहसिकाची क्षणभरही उपेक्षा करू नये, असे तेथे सांगितले आहे. पुढे तर दंडाच्या मापालाच हा शब्द चिकटला. अडीचशे पणांचा दंड तो प्रथम साहस, पाचशेंचा मध्यम, हजारांचा उत्तम. 'उत्तम साहस' हे शब्द आजच्या वाचकाला प्रशस्तिपत्रातील वाटतील. त्या काळच्या माणसाने ते न्यायसभेत ऐकले असते तर त्याला घाम फुटला असता.

गौरवाचा अर्थ नंतर आला, आणि तो कोणाच्या मुखाने आला हे पाहण्यासारखे आहे. साहसापाशी लक्ष्मी वसते, या आशयाचे जे वचन सुभाषित म्हणून सर्वतोमुखी आहे, ते शूद्रकाच्या मृच्छकटिक नाटकात शर्विलकाच्या तोंडी येते. आणि शर्विलक हा भिंतीला भोक पाडून ठेव पळविणारा चोर आहे. शूद्रकाने हे थट्टेने घातले की सहज, हा वाद रसिकांनी करावा. परंतु ज्या शब्दाला न्यायसभेने दंड दिला त्याचे पहिले स्तोत्र चोराने गावे, यात शब्दाचा स्वभाव प्रकट झाला आहे एवढे खरे.

याच कुळातील दुसरा शब्द सहसा. संस्कृतात त्याचा अर्थ बळाने, आणि त्यावरून एकाएकी, विचार न करता. भारवीच्या किरातार्जुनीयात दुसऱ्या सर्गात युधिष्ठिर भीमाला उपदेश करतो तो याच शब्दाने सुरू होतो. वनवासाच्या दुःखाने भीम तापला आहे, आताच युद्ध करावे म्हणतो; धर्मराज त्याला एकाएकी कर्म करण्यापासून परावृत्त करतो. या श्लोकासंबंधी एक आख्यायिका पंडितांत चालत आली आहे. भारवीने तो श्लोक एका व्यापाऱ्याकडे गहाण ठेवला आणि व्यापाऱ्याने तो शयनगृहाच्या भिंतीवर लावला. पुष्कळ वर्षांनी परदेशाहून परतलेल्या त्या व्यापाऱ्याने आपल्या पत्नीजवळ एक तरुण पुरुष निजलेला पाहिला, तलवार उपसली, तोच भिंतीवरील श्लोकाकडे दृष्टी गेली आणि हात थांबला. तो तरुण त्याचाच पुत्र होता. आख्यायिका ऐतिहासिक असण्याचे कारण नाही. तिच्यात ध्यानात घेण्याजोगे असे की, श्लोकाने त्या मनुष्याला नवे ज्ञान काहीच दिले नाही. तो कोण आहे, हे श्लोक वाचूनही त्याला कळले नव्हते. श्लोकाने फक्त वाचण्यापुरता वेळ मधे घातला.

मराठीत मात्र या सहसाचे विलक्षण झाले. 'तो सहसा रागावत नाही' असे म्हणता म्हणता, म्हणजे 'एकाएकी रागावत नाही' या अर्थाने नकारासह वापरता वापरता, 'बहुधा, साधारणपणे' असा अर्थ त्याला येऊन बसला. आज 'सहसा पाऊस दुपारी येतो' असेही लोक बोलतात. उतावळेपणाचा शब्द नेहमीपणाचा झाला. भाषेने केलेला हा विनोद म्हणावा. पण मनुष्य जे नेहमी करतो ते बहुधा विचारावाचूनच करतो, हेही त्याला कळल्यासारखे दिसते.

आता न्यायसभेत साहस हा शब्द उरला नाही. 1860 च्या दंडसंहितेतील 304-अ हे कलम 1870 मध्ये घातले गेले. अविचाराने किंवा हयगयीने केलेल्या कृत्याने मृत्यू घडला तर शिक्षा, असा त्याचा आशय होता. ता. 1 जुलै 2024 पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि तो विषय तिच्या 106 व्या कलमात गेला. अविचार आणि हयगय हे दोन शब्द कायद्याने वेगळे ठेवले ते योग्यच केले. हयगय करणाऱ्याला धोका दिसतच नाही, कारण तो पाहत नाही. अविचारी मनुष्याला तो दिसतो आणि तो पुढे जातो. दुसरीकडे, बुडणाऱ्याला किंवा आगीत सापडलेल्याला स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचविणाऱ्यांसाठी 1961 पासून शासन जीवन रक्षा पदक देते. त्याच्याही तीन पायऱ्या आहेत : सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक. एके काळी साहसाच्या तीन पायऱ्या दंडाच्या होत्या, आज पदकाच्या आहेत. शब्दाचे एवढे स्थलांतर झाल्यावर त्याचा पत्ता सामान्य माणसाला सापडू नये, यात त्याचा दोष नाही.

श्रीमद्भगवद्गीतेत साहस हा शब्द घेऊन विचार केलेला नाही. परंतु त्या शब्दाच्या पोटात जे जे आहे त्याचे पृथक्करण अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात आले आहे. भगवान श्रीकृष्ण कर्माचे तीन प्रकार सांगतात. त्यांतील तामस कर्माच्या लक्षणात चार गोष्टींकडे न पाहणे आणि पाचवे एक कारण सांगितले आहे. अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष या चार गोष्टी. आणि मोह हे कारण. अनुबंध म्हणजे कर्माला पुढे बांधलेले, त्याच्या मागोमाग येणारे. क्षय म्हणजे त्यात होणारा नाश : शक्तीचा, द्रव्याचा, माणसांचा. हिंसा म्हणजे दुसऱ्या जीवाला होणारी पीडा. आणि पौरुष म्हणजे आपले सामर्थ्य, आपल्याने हे होईल की नाही याचा अंदाज. या चारांकडे पाठ करून मोहाने जे आरंभिले जाते ते तामस.

व्याख्यानातून या चार पदांचा झटपट उल्लेख होतो आणि वक्ता पुढे जातो. येथे थांबले पाहिजे. कारण ही चार पदे एका माळेतील सारखे मणी नव्हेत. एखाद्या कर्मात तीन गोष्टी पाहिलेल्या असतात आणि चौथी राहते. आणि कोणती राहिली यावर त्या कर्माचा सारा रंग बदलतो.

याच किनाऱ्याचा इतिहास घ्यावा. 1739 च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर ही ठाणी पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी घेतली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर हे सरदार मारले गेले. ही मोहीम उतावळेपणाची होती असे कोणीही म्हणणार नाही. महिनोमहिने मोर्चे, सुरुंग, रसद यांचा हिशेब झालेला होता. अनुबंध पाहिला होता, पौरुष जोखले होते, क्षयही गृहीत धरला होता. युद्ध म्हटल्यावर जी एक गोष्ट तराजूत घालता येत नाही ती हिंसा. इतिहासकार त्या मोहिमेला पराक्रम म्हणतो, आणि त्याच्या शास्त्रात ते बरोबर आहे. मुंगीच्याही पीडेचा विचार करावयास शिकविलेल्या साधकाला मात्र 'विचारपूर्वक केले' एवढ्याने कर्म निर्दोष होत नाही, हे येथे दिसते. सावकाश केलेले आणि पूर्ण आखलेले कर्मही चार पदांपैकी एकाला मुकलेले असू शकते.

केळव्याच्या त्या प्रसंगात याच्या नेमके उलट आहे. बुडणाऱ्यास वाचवू पाहणाऱ्याने हिंसेकडे दुर्लक्ष केले असे कसे म्हणावे ? दुसऱ्याच्या पीडेकडे पाहिले म्हणूनच तो पाण्यात गेला. अनुबंधही त्याला दिसत होता : आपण गेलो नाही तर ही मुले जातील. आपल्या देहाचा क्षय होऊ शकेल, याचीही अंधुक जाणीव त्याला असेल. राहिले ते एकच, पौरुष. आपण पोहतो ते नदीत की समुद्रात. बुडणारा मनुष्य गळ्याला मिठी मारतो तेव्हा ती सोडविता येते की नाही. या पाण्याला ओढ कोणीकडे आहे. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर दक्षिणेपेक्षा मोठे असते. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. तो दिवस होळीचा होता, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावरचा. मच्छीमाराच्या घरातील पोराला उधाण आणि भांग हे शब्द पाळण्यापासून माहीत असतात. घाटावरच्या मुलाला समुद्र म्हणजे मोठे तळे वाटते. उथळ, वाळूच्या, सुरूच्या झाडांनी शोभणाऱ्या किनाऱ्यावर तर तसे वाटणे अगदी साहजिक आहे.

मग हे कर्म तामस ठरले काय ? चारांपैकी एक पद सुटले, म्हणून लक्षण एक चतुर्थांश लागू झाले, असा हिशेब गीतेत नाही. श्लोकाचा जीव पाचव्या पदात आहे. मोहाने आरंभिलेले, असे तेथे म्हटले आहे. मोह म्हणजे वस्तू आहे तशी न दिसणे. पैजेसाठी लाटेत उडी घेणाऱ्याला मोह आहे. त्याला पाणी दिसत नाही, पाहणारे दिसतात. छायाचित्रासाठी खडकाच्या टोकावर जाणाऱ्याला मोह आहे. मद्य पिऊन समुद्रात जाणाऱ्याविषयी बोलावयासच नको. परंतु बुडणारे मूल पाहून धावणाऱ्याला जे दिसले ते खरेच तेथे होते. मूल बुडत होते. त्याची दृष्टी खोटी नव्हती. त्याचे बळ अपुरे होते. या दोन गोष्टी एक करणे हा पाहणाऱ्याचा मोह आहे, करणाऱ्याचा नव्हे.

यावर एक आक्षेप बलवान आहे आणि तो टाळणे योग्य होणार नाही. ज्याच्या उडीने कोणी वाचला नाही आणि मृतांची संख्या मात्र वाढली, त्या उडीला करुणा म्हणून गौरविले, तर पुढच्या किनाऱ्यावर पुढचा मुलगा तीच उडी घेईल. तेव्हा गौरव करणारा त्या मृत्यूचा भागीदार नव्हे काय? हा आक्षेप शिक्षक घेतील, माता-पिता घेतील, जीवरक्षक तर घेतीलच. जीव वाचविण्याच्या विद्येचा पाठच असा आहे की, आधी काठीने किंवा हाताने पोहोचावे, मग दोरी किंवा तरंगणारी वस्तू फेकावी, आणि पाण्यात स्वतः शिरणे हे सर्वांत शेवटचे, तेही शिकलेल्याने. हा पाठ शास्त्रशुद्ध आहे.

आक्षेपाला उत्तर श्लोकातच आहे. पौरुषाचा विचार हा उडीच्या क्षणी करावयाचा विचार नव्हेच. त्या क्षणाला वेळ नसतो. भारवीच्या व्यापाऱ्याला भिंतीवर श्लोक होता, समुद्राला भिंत नाही. पौरुष आधी जोखून ठेवावे लागते. ज्याला आपले सामर्थ्य क्षणात कळते त्याने ते वर्षभर आधी तपासलेले असते. म्हणून त्या दिवशी पौरुषाचा विचार झाला नाही, ही उणीव त्या मुलांच्या एका क्षणाची मानण्यापेक्षा त्यांच्या आधीच्या सर्व वर्षांची, त्यांना वाढविणाऱ्या समाजाची मानली पाहिजे. समाज मुलाला करुणा शिकवितो, धावून जा म्हणतो, आणि पाण्यात काय करावे हे शिकवीत नाही. किनाऱ्यावर सहल नेतो आणि उधाणाची तिथी विचारीत नाही. तोच समाज मग अर्धे शिकविलेल्या मुलाला अविचारी म्हणतो. गौरव करणाऱ्याने गौरवाबरोबर दोरीही द्यावी. मग आक्षेपाला जागा राहणार नाही.

उलट बाजूही गीतेने सोडलेली नाही. त्याच अध्यायाच्या सातव्या श्लोकात, जे कर्म करणे प्राप्त आहे त्याचा मोहाने केलेला त्याग हाही तामस म्हटला आहे. तेथेही मोह, पंचविसाव्यातही मोह. आठव्यात देहक्लेशाच्या भयाने केलेल्या त्यागाला राजस म्हटले आहे. म्हणजे काठावर उभे राहणे हे आपोआप विवेकाचे ठरत नाही. ज्याला पोहता येत नाही त्याने काठावर राहून हाका मारल्या, दोरी शोधली, कोळ्यांना बोलाविले, तर तो विवेकी. ज्याला येते आणि ज्याने केवळ पाहिले, त्याने आपल्या भयाला विचार हे नाव देऊ नये. अर्जुनाने पहिल्या अध्यायात धनुष्य टाकले ते किती झटकन टाकले ! बाण सोडणे हे जसे एकाएकी होऊ शकते तसे धनुष्य टाकणेही.

हे साधकाने विशेष ध्यानात घ्यावे. आश्रमाच्या आणि व्रतनियमांच्या क्षेत्रातही असे पुष्कळ घडते. एखादा वासनिक प्रवचन ऐकून त्याच रात्री घरदार सोडण्याचे बोलतो. एखादा तरुण भिक्षू आपल्या देहाचे बळ न पाहता असा नियम धरतो की आठव्या दिवशी तो नियमही राहत नाही आणि देहही. त्याचा हेतू शुद्ध असतो, पौरुष जोखलेले नसते. अशा वेळी वडील भिक्षू त्याला हसत नाहीत आणि 'धन्य' म्हणून भरही देत नाहीत; थोडे दिवस जवळ ठेवून घेतात. व्यापाऱ्याच्या भिंतीवरील श्लोकाचे काम येथे सहवास करतो.

लीळाचरित्रात म्हाइंभटांनी नोंदविलेली सशाची लीळा सर्वांना पाठ आहे, पण ती या दृष्टीने पुन्हा वाचावी. पारध्यांच्या आणि कुत्र्यांच्या भयाने पळणारा ससा श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो. मागोमाग पारधी येतात आणि ससा मागतात. तो नुसता शिकारीचा ससा नाही. होडेचा आहे, म्हणजे त्याच्यावर पैज लागली आहे, आणि तो न मिळाल्यास सुऱ्या निघतील अशी स्थिती आहे. साहसाची सारी सामग्री तेथे जमली आहे : शस्त्र आहे, पैज आहे, धावण्याने तापलेले रक्त आहे, चारचौघांत माघार घेण्याची लाज आहे. स्वामी उठत नाहीत, शस्त्र धरणाऱ्याचा हात धरीत नाहीत. हा येथे शरण आला आहे, एवढे सांगून ते बोलू लागतात. शरण आलेल्याला सोडले नाही, आणि मारणाऱ्यालाही शत्रू केले नाही. त्या बोलण्यात पारध्यांना जो वेळ मिळाला त्यात पैज विरली. ससा सुटला.

या लीळेचे विवरण करताना दृष्टी बहुधा सशावर असते. पारध्यांकडे कोणी फारसे पाहत नाही. हातात आलेले कर्म अर्ध्यावर सोडून, होड हरून, ते परत गेले. घरी पोहोचल्यावर सोबत्यांनी त्यांना काय म्हटले असेल, हे लीळेत सांगितलेले नाही. त्यांच्या त्या परतण्याला कोणता शब्द द्यावा ? बळाने केलेले ते साहस, या मूळ अर्थाने पाहिले तर बळ तेथे लागलेच होते. फक्त ते सशावर खर्चण्याऐवजी स्वतःवर खर्चले होते. कोशात या अर्थाची नोंद सापडत नाही.